चौदा महिन्यांच्या वापरानंतर: बुकिंग सेवेतील ‘कालावधी’ या रकान्याविषयी

गेल्या महिन्यात आमच्या बँडच्या मानधनातून एक पंचमांश रक्कम ‘कार्यक्रम उशिरा सुरू झाला’ असा शेरा मारून कापली गेली. त्यानंतर कार्यक्रमांसाठी बँड ठरवून देणाऱ्या ऑनलाइन बुकिंग सेवेच्या मदत कक्षाशी ११ दिवस जो पत्रव्यवहार झाला, तो संपल्यावरच हा अनुभव लिहायला बसलो आहे. आम्ही पाच जण दिवसा नोकऱ्या करतो आणि सुट्टीच्या संध्याकाळी लोकांच्या आवडीची गाणी वाजवतो. बँडने प्रोफाइल तयार करायचे, आयोजकाने तारीख, ठिकाण आणि अंदाजपत्रक टाकून विचारणा करायची, तीच विचारणा एका वेळी अनेक बँडकडे जायची आणि काम ठरले की विसार सेवेमार्फत भरला जायचा, ही पद्धत वाचकांना ठाऊक असेलच. तिची उजळणी करत नाही. सेवेचे नावही घेत नाही, कारण मध्यंतरी आणखी दोन सेवांवर मोफत खाती उघडून पाहिली, तेव्हा ज्या रकान्याबद्दल माझी तक्रार आहे तो तिथेही जसाच्या तसा होता.

मी स्वभावाने काटकसरी आहे. खराब झालेली केबल फेकण्यापूर्वी तिचे टोक दोनदा सोल्डर करून पाहणारा माणूस वार्षिक वर्गणी भरतो तेव्हा वहीही ठेवतो. त्या वहीप्रमाणे १४ महिन्यांत ७३ विचारणा आल्या, त्यांतल्या ५८ जणांना आम्ही दर कळवला, ९ कामे ठरली आणि एक रद्द झाल्याने प्रत्यक्षात ८ कार्यक्रम वाजवले. पहिले तीन महिने माझा सगळा राग दलालीवर होता. वर्गणी घेऊन वर प्रत्येक कामाचा हिस्सा घेणे एक वेळ समजू शकते. पण हा हिस्सा एकूण रकमेवर कापला जातो आणि त्या रकमेत गाडीभाडे व ध्वनियंत्रणेचे भाडेही असते. जे पैसे आमच्या हातात टिकतच नाहीत, त्यांवरही दलाली द्यावी लागते. या महिन्यांत मी आयोजकांना पाठवायच्या दरपत्रकात गाडीभाडे वेगळे दाखवण्याचे नाना प्रयोग केले, पण अर्जात एकच आकडा मावत असल्याने त्यांचा काही उपयोग झाला नाही.

ते मत चौथ्या महिन्यात बदलले. ठरलेले एक काम आयोजकाने नऊ दिवस आधी रद्द केले. पूर्वी तोंडी ठरलेली कामे अशी रद्द होत, तेव्हा आमच्या वाट्याला दिलगिरी येई आणि तारीख रिकामी जाई. या वेळी मात्र करारातील रद्दीकरणाच्या कलमाप्रमाणे विसार आणि त्यावर ठरलेल्या मानधनाचा निम्मा भाग, न मागता, पाच दिवसांत खात्यात जमा झाला. कोणाकडे तगादा लावावा लागला नाही आणि संबंधही बिघडले नाहीत. त्या दिवशी वहीत दलालीच्या रकान्यापुढे मी ‘विम्याचा हप्ता समजावा’ असे लिहिले आणि आजही ते खोडलेले नाही.

आता मूळ मुद्दा. विचारणेच्या अर्जात आयोजकाला ‘कालावधी’ नावाचा एक रकाना भरावा लागतो. त्यात एक ते सहा तास असे पर्याय आहेत आणि त्यांतून बहुतेक जण दोन निवडतात. आम्ही कळवलेला दर आयोजकाला दिसतो तो या दोन तासांच्या शेजारी, आणि शेजारी दोन आकडे दिसले की माणूस भागाकार करणारच. ‘दोन तासांचे एवढे?’ हा प्रश्न आम्हाला इतक्यांदा विचारला गेला आहे, की पुढे पुढे मी त्याचे उत्तर कॉपी-पेस्ट करू लागलो. उत्तर कधीच पुरेसे ठरले नाही, कारण भागाकार आधीच झालेला असतो.

दोन तासांच्या कार्यक्रमासाठी आम्ही जागेवर किती वेळ असतो, ते एकदा सविस्तर मांडतो. पहिला सेट, म्हणजे सलग वाजवायच्या गाण्यांचा पहिला भाग, ८ वाजता असेल तर आम्ही ५.१५ ला पोहोचतो. सामान आत नेण्यास अर्धा तास लागतो, तोही जिना नसेल तर. जोडणीस एक तास लागतो: ड्रम्सना चार माइक, बास थेट डीआय बॉक्समधून (वाद्याचा आवाज माइकशिवाय, तारेने मिक्सरला देणारी पेटी), गिटारच्या अँप्लिफायरला एक माइक, कीबोर्डच्या डाव्या-उजव्या दोन वाहिन्या आणि गाणाऱ्या तिघांचे तीन माइक, अशी एकूण ११ चॅनेल होतात. मग प्रत्येक चॅनेलमधून आवाज मिक्सरपर्यंत येतो की नाही एवढेच पाहणारा लाइनचेक १५ मिनिटांचा असतो. त्यानंतर सगळ्यांनी एकत्र वाजवून त्या सभागृहात कोणाचा आवाज कोणाला गिळतो हे पाहणारा साउंडचेक अर्ध्या तासाचा होतो. या दोन गोष्टी एकच आहेत असे समजणारे आयोजक मला भेटले आहेत, आणि खेदाने सांगतो, एक ध्वनितंत्रज्ञही भेटला आहे. एवढे झाले की ७.३० वाजतात. पाहुणे येत असताना आमच्या ड्रमवादकाने ड्रमचे कातडे ताणत बसणे शोभत नाही, म्हणून पुढचा अर्धा तास मंच मोकळा ठेवतो. ८ ते १० कार्यक्रम, त्यात दोन सेट आणि मध्ये विश्रांती; त्यानंतर आवराआवर एक तास. प्रवास सोडून हे पावणेसहा तास होतात. अर्जातील आकडा दोन.

काही सभागृहांत आवाजाची मर्यादा ओलांडताच मंचाचा वीजपुरवठा तोडणारे यंत्र बसवलेले असते. ही मर्यादा अनेकदा ९० ते १०० डेसिबलच्या दरम्यान ठेवलेली असते, आणि माइक न लावता, नेहमीच्या जोराने वाजवलेले ड्रम्सदेखील जवळून १०० डेसिबलच्या पुढे सहज जातात. अशा जागी साउंडचेकला अर्धा तास पुरत नाही. वीज एकदा गेली की डिजिटल मिक्सर आणि कीबोर्ड पुन्हा सुरू होईपर्यंत गायकाला लोकांशी गप्पा माराव्या लागतात, आणि आमचा गायक गप्पांत बरा नाही. असे यंत्र आहे का, हा प्रश्नही अर्जात नाही.

उलट, ‘बँडकडे गाण्यांचे परवाने आहेत का?’ हा प्रश्न मात्र ठळक अक्षरांत आहे आणि त्याचे उत्तर हो किंवा नाही यांतूनच द्यावे लागते. जाहीर कार्यक्रमात गाणी वाजवण्याचा परवाना बहुतेक ठिकाणी सभागृहाने किंवा आयोजकाने घ्यायचा असतो, बँडने नव्हे. १८४७ मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत अर्नेस्ट बुर्जे या गीतकाराने पेयाचे पैसे देण्यास नकार दिला, कारण तिथे त्याच्या रचना त्याला काहीही न देता वाजवल्या जात होत्या. त्या वादातून पुढे १८५१ मध्ये गीतकार-संगीतकारांच्या वतीने वाजवण्याचे हक्कशुल्क गोळा करणारी ‘सासेम’ ही फ्रेंच संस्था उभी राहिली. तेव्हाही मागणी कॅफेच्या मालकाकडे होती, वादकांकडे नव्हे. आम्ही ‘नाही’ निवडले तर प्रोफाइलवर पिवळे चिन्ह येते आणि ‘हो’ निवडले तर ते खोटे ठरते. प्रात्यक्षिक व्हिडिओची गोष्ट वेगळी आहे. तो आम्ही स्वतः यूट्यूबवर चढवतो, आणि तिथे २००७ पासून चालू असलेली कंटेंट आयडी व्यवस्था गाणे ओळखून हक्कधारकाचा दावा लावते. आमच्या चार व्हिडिओंपैकी एक त्यामुळे काही देशांत दिसेनासा झाला. त्याला मी बुकिंग सेवेला जबाबदार धरत नाही.

सहाव्या महिन्यात पुन्हा मत बदलण्याची वेळ आली. सेटिंग्जच्या तिसऱ्या पानावर मला ‘तयारीस लागणारा वेळ’ असा रकाना सापडला. इतके दिवस आपणच डोळे झाकून तक्रार करत होतो, असे वाटून मी ओशाळलो. त्यात १६५ मिनिटे भरली आणि ओळखीच्या दोन बँडना आवर्जून कळवले, की सेवेने विचार केलेला आहे, दोष आपल्या आळसाचा आहे. पुढे दोन महिने ‘दोन तासांचे एवढे?’ हा प्रश्न तसाच येत राहिला, तेव्हा ड्रमवादकाने आयोजक म्हणून खाते उघडून आमच्याच बँडकडे खोटी विचारणा पाठवली. आयोजकाच्या पडद्यावर ती १६५ मिनिटे कुठेही नव्हती. त्या रकान्याचा उपयोग एवढाच, की त्या वेळेत दुसऱ्या कामाची विचारणा येऊ नये म्हणून आमचे कॅलेंडर बंद राहते. ही सोय वाईट नाही, आणि बाहेरच्या कॅलेंडरमधील नोंदी इकडे उमटायला कित्येक तास लागत असल्याने तिने एकदा एकाच तारखेला दोन कामे घेण्यापासून आम्हाला वाचवलेही. पण ज्याला तो वेळ कळायला हवा त्याच्यापासूनच तो लपवलेला आहे. त्या दोन्ही बँडना मी पुन्हा पत्र लिहिले.

तेव्हापासून मी काम ठरले की संदेशात वेळापत्रक लिहू लागलो. गेल्या महिन्यातील कार्यक्रमालाही लिहिले: ५.१५ आगमन, ५.४५-६.४५ जोडणी, ६.४५-७.३० लाइनचेक व साउंडचेक, ८.०० पहिला सेट. आयोजक बाईंनी ‘ठीक आहे, धन्यवाद’ असे उत्तर दिले. कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही सव्वापाचला सामानासह दारात उभे होतो आणि दार साडेसहाला उघडले. बाईंनी अर्जात सुरुवातीची वेळ ७ लिहिली होती आणि बँडला अर्धा तास पुरेल या समजुतीने सभागृहाच्या माणसाला साडेसहाची वेळ दिली होती. साउंडचेक सोडून, केवळ लाइनचेक करून, आम्ही ८ वाजून ५ मिनिटांनी पहिले गाणे सुरू केले. आमच्या वेळापत्रकाप्रमाणे उशीर पाच मिनिटांचा होता. अर्जाप्रमाणे पासष्ट मिनिटांचा. पाहुणे सातपासून ताटकळले होते, तेव्हा बाईंनी तक्रार केली यात त्यांची चूक मला दिसत नाही.

वेळापत्रक कळवूनही हा गोंधळ का झाला, याचे कारण पुढे त्यांनीच दाखवले. त्यांना मिळालेल्या संदेशाचे छायाचित्र त्यांनी मला पाठवले, त्यात वेळांच्या जागी फक्त तारका होत्या. कामे परस्पर ठरू नयेत, दलाली बुडू नये, म्हणून या सेवा संदेशांतील दूरध्वनी क्रमांक झाकतात. आमच्या वेळापत्रकातील ओळीने आलेले अंक आणि मधल्या आडव्या रेघा पाहून क्रमांक झाकणाऱ्या सेवेच्या स्वयंचलित गाळणीला तो दूरध्वनी क्रमांक वाटला. याहून वाईट गोष्ट अशी, की पाठवणाऱ्याच्या पडद्यावर संदेश अखंड दिसतो. मी तो कार्यक्रमाच्या आदल्या रात्री पुन्हा उघडून वाचला होता आणि समाधानाने झोपलो होतो. बाईंना वाटले, की आम्ही काहीतरी नियमबाह्य लिहिले असेल, आणि विचारणे त्यांना प्रशस्त वाटले नाही.

मदत कक्षात चार निरनिराळ्या व्यक्तींनी मला उत्तरे दिली आणि प्रत्येकीने बुकिंग क्रमांक नव्याने मागितला. दुसरीने सांगितले, की झाकलेला मूळ मजकूर त्यांना पाहता येत नाही. तिसरीने सांगितले, की वेळेची नोंद अर्जातच करायला हवी होती. कोणत्या रकान्यात, असे विचारल्यावर दोन दिवस उत्तर आले नाही. शेवटी बाईंनी स्वतः दोन ओळी लिहिल्या, तेव्हा कापलेल्या रकमेपैकी निम्मी ‘सद्भावनेने’ परत मिळाली. चूक कोणाची हे त्या पत्रात नाही, आणि उरलेल्या निम्म्या रकमेची नोंद माझ्या वहीत लाल शाईने आहे.

तरीही खाते बंद केलेले नाही. मधल्या तीन महिन्यांत जास्तीची रक्कम भरून घेतलेले प्राधान्याचे स्थान सोडून दिले, कारण त्या काळात विचारणा वाढल्या पण ठरलेले काम एकच. उत्तर लवकर देणाऱ्या बँडला यादीत वर ठेवण्याचा नियम जोवर आहे, तोवर दिवसा नोकरी करणाऱ्या पाच जणांनी स्थानासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. पुढील वर्षी सर्वांत स्वस्त वर्गणी ठेवणार आहे, तीही रद्दीकरणाच्या कलमासाठी. पाचपैकी तीन तारे दिले आहेत.

वेळा मात्र आता मी अक्षरी लिहितो, धनादेशावर रक्कम लिहितात तशा: सव्वापाचला आगमन, पावणेसहा ते पावणेसात जोडणी, साडेसातपर्यंत साउंडचेक, आठ वाजता पहिला सेट. ड्रमवादकाच्या खोट्या खात्यावर पाठवून पाहिले; गाळणीने एक अक्षरही झाकले नाही. पुढच्या कार्यक्रमाच्या आयोजकांना हाच मजकूर पाठवला, तेव्हा त्यांनी विचारले, ‘इतक्या लवकर कशाला?’ चौदा महिन्यांत हा प्रश्न कार्यक्रमाच्या आधी पहिल्यांदाच आला, आणि मी त्यांना अकरा चॅनेलचा सगळा हिशेब, तोही अक्षरी, लिहून पाठवला आहे.