परळच्या वाचनालयातील संदर्भ विभाग: दोन वर्षांच्या सभासदत्वानंतरचा अभिप्राय

परळ भागातील ज्या वाचनालयाविषयी मी हे लिहीत आहे त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्या ज्यांच्याविषयी आहेत ती माणसे मला रोज जिन्यात भेटतात. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, मागे अभ्यासिका आणि खिडकीला लागून संदर्भ विभागाचे एक लांब टेबल, एवढाच त्याचा पसारा आहे. अनामत पाचशे रुपये, महिन्याची वर्गणी साठ रुपये आणि एका वेळी दोन पुस्तके घरी नेण्याची मुभा. संदर्भ विभागातील पुस्तके मात्र तिथेच बसून वाचावी लागतात.

मी सभासद झालो तो वाचनाच्या आवडीने नव्हे. वडील वारले आणि आमच्या पागडीच्या खोलीची भाडेपावती आईच्या नावावर करून घेण्याचा प्रश्न उभा राहिला. मालकाच्या वसुलीच्या माणसाने सांगितले की तिन्ही मुलांची संमतीपत्रे आणि न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र आणल्याखेरीज पावती बदलणार नाही, आणि वर ‘व्यवहाराचे’ म्हणून एक रक्कमही सुचवली. एका सल्लागाराने अर्ध्या तासाचे दोन हजार रुपये घेऊन जवळजवळ तेच सांगितले. रात्री जागून मोबाइलवर डझनभर चित्रफिती पाहिल्या, त्यांतील प्रत्येकजण ठामपणे बोलत होता आणि प्रत्येकाचे म्हणणे दुसऱ्याशी विसंगत होते. डोके भरून गेले, पण आपल्या बाबतीत नेमके काय लागू पडते ते कळेना.

वाचनालयात गेलो तेव्हा मी ‘वारसा कायद्याचे पुस्तक’ मागितले. संदर्भ विभाग सांभाळणाऱ्या बाईंनी पुस्तक काढण्याऐवजी मलाच विचारले, “कशासाठी हवंय?” मी थोडक्यात हकीकत सांगितल्यावर पुढचा प्रश्न आला, “बाबा गेले तेव्हा त्या खोलीत त्यांच्याबरोबर कोण कोण राहत होतं?” हा प्रश्न तोवर मला कोणीही विचारला नव्हता. आई आणि मी, असे उत्तर दिले. दोन्ही बहिणी लग्नानंतर डोंबिवली आणि नाशिक येथे असतात. “मग वारसा कायदा नंतर बघू,” असे म्हणत त्यांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे मळकट पुठ्ठ्याचे पुस्तक समोर ठेवले आणि कलम ७ मधील पंधराव्या व्याख्येवर बोट ठेवले.

ती ‘भाडेकरू’ या शब्दाची व्याख्या आहे. मी ती चार वेळा वाचली, कारण कायद्यातील वाक्य संपता संपत नाही आणि कर्ता सापडेपर्यंत क्रियापद निसटून जाते. राहण्यासाठी दिलेल्या जागेचा भाडेकरू वारला, तर मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहत असलेला कुटुंबीय भाडेकरू ठरतो. असा कोणी नसेल तरच इतर वारसाचा विचार होतो. आणि आपसांत एकमत झाले नाही तर निर्णय न्यायालय करते. म्हणजे मुंबईपुरते पाहिले तर मामला लघुवाद न्यायालयात जातो. वसुलीचा माणूस आणि सल्लागार या दोघांनीही वारसापासून सुरुवात केली होती, आणि कायदा सोबत कोण राहत होते यापासून सुरुवात करतो. आमचे सगळे प्रकरण या एका क्रमावर अवलंबून होते.

बाईंनी लगेच बजावले की ही आवृत्ती जुनी आहे, नंतर काही बदल झाला आहे का ते शासनाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या आणि अर्ज करण्यापूर्वी एकदा वकिलाला दाखवा. त्या वकील नाहीत आणि तसा आवही त्यांनी कधी आणला नाही. हातातल्या पुस्तकावर कुठपर्यंत विसंबायचे हेही त्यांनी सांगितले, आणि मला ही गोष्ट त्या कलमाइतकीच मोलाची वाटते.

पुस्तके मुक्तद्वार पद्धतीने, म्हणजे वाचकाला स्वतः कपाटापर्यंत जाता येईल अशी ठेवलेली आहेत, याचा लाभ मला दुसऱ्या दिवशी कळला. पुस्तक जागेवर ठेवताना शेजारी १९७६ च्या म्हाडा अधिनियमाची प्रत दिसली. ती सहज चाळली, तर उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर लागू असलेल्या, इमारतींच्या दुरुस्तीसाठी त्यात एक अख्खे प्रकरण आहे, आणि १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या इमारती ‘अ’ वर्गात मोडतात. आमची चाळ त्याच वर्गातील निघाली. वर्षानुवर्षे पावतीवर ‘दुरुस्ती उपकर’ असे वाचून मी पैसे भरत आलो, पण ती रक्कम कशापोटी जाते हे विचारण्याची बुद्धी झाली नव्हती. मोबाइलवर हे मी शोधलेच नसते, कारण शोधण्यासाठी लागणारा शब्दच माझ्यापाशी नव्हता.

त्याच टेबलावर संध्याकाळी लिफ्टची देखभाल करणारे एक गृहस्थ येतात. पिशवीतून जळका रिले, म्हणजे विजेवर चालणारा एक स्विच, काढून पुस्तकातील आकृतीशेजारी ठेवतात आणि तारांच्या खुणा बोटाने जुळवत बसतात. काळा घोडा येथील डेव्हिड ससून वाचनालयाचे मूळ १८४७ मध्ये टांकसाळ आणि गोदी येथील तरुण कारागिरांनी सुरू केलेल्या उपक्रमात आहे, हे मला त्यांच्याकडे पाहून आठवते. हाताला काळे लागलेली माणसे वाचनालयात येतात, ही या शहरात नवी गोष्ट नव्हे.

आता तक्रारी. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असे सांगतो, आणि इथे नेमका तोच धाब्यावर बसवलेला आहे. पुस्तकसूचीचा संगणक वर्षभर बंद आहे, जुनी सूचीपत्रे बांधून माळ्यावर टाकली आहेत, आणि बाई रजेवर असल्या की देवघेवीच्या खिडकीवरचा मुलगा “कपाटात बघा” यापलीकडे काही सांगत नाही. कायद्याच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या घेतल्या जात नाहीत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार वाचनालयांना वर्गवारीप्रमाणे शासकीय अनुदान मिळते आणि ते अपुरे पडते हे मान्य. तरीही दिवाळी अंकांच्या तीन-तीन प्रती घेता येत असतील तर अधिनियमाची एक ताजी प्रत का घेता येऊ नये, याचे उत्तर मला समितीकडून मिळालेले नाही.

अभ्यासिकेविषयी लिहावे की नाही, असा विचार पडला होता. स्पर्धा परीक्षेची पन्नासेक मुले तिथे सकाळी सातपासून बसतात, शांतता वाखाणण्यासारखी असते, आणि दहा बाय दहाच्या खोलीत सहाजण राहत असतील तर महिना तीनशे रुपयांत मिळणारी ती खुर्ची सोन्यासारखी आहे. पण झेरॉक्स करून बांधलेल्या टिपणांतून डोके वर काढून कपाटापर्यंत जाणारा मुलगा मी दोन वर्षांत क्वचितच पाहिला. दोष त्यांचा नाही, परीक्षेला तेवढेच लागते. तरीही भिंतीपलीकडे इतकी पुस्तके उभी असताना मधले दार बहुतेक वेळ लोटलेले दिसते, तेव्हा वाईट वाटते.

वकिलाने बाईंच्याच कलमाचा आधार घेऊन मालकाला पत्र लिहिले, बहिणींनी लेखी सहमती दिली, आणि चौथ्या महिन्यात पावती आईच्या नावाने आली. ‘व्यवहाराचे’ काही द्यावे लागले नाही. आई आता स्वतःच्या कार्डावर पुस्तके नेते आणि मोठ्या अक्षरांची पुस्तके कमी आहेत, अशी तक्रार तिने वहीत नोंदवून ठेवली आहे. जाणाऱ्यांनी संध्याकाळी पाचनंतर जावे, बाई तेव्हाच असतात. सोमवारी वाचनालय बंद असते.