०.८ ओहम, फक्त कागदावर

छतावर सोलर बसवताना लोक सबसिडी विचारतात, पॅनेलची वॉरंटी विचारतात, महिन्याला किती युनिट पडतील ते विचारतात. अर्थिंगचा, म्हणजे बिघाड झाला तर वीज जमिनीत उतरवणाऱ्या जोडणीचा, टेस्ट रिपोर्ट मात्र फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. आमच्या सासवडजवळच्या घराचा रिपोर्ट विकतचा निघाला. कोटेशनमध्ये ‘टेस्टिंग व सर्टिफिकेट, ६,५०० रुपये’ अशी वेगळी ओळच होती. ते पैसे घेतले, कागद दिला, टेस्टिंग कधी झालंच नाही.

सिस्टिम ३ किलोवॉटची. पीएम सूर्यघर योजनेत एवढ्याला ७८,००० रुपये सबसिडी आहे, ती थेट ग्राहकाच्या खात्यात येते. आमचीही आली. नेट मीटर बसलं, बिल उतरलं, गल्लीतले दोघंतिघं चौकशीला येऊन गेले. या धंद्यातली खरी गोम हीच आहे. अर्थिंग असो वा नसो, वीज तेवढीच बनते. मोबाइलवरच्या ॲपमध्ये अर्थिंगचा आकडा दिसत नाही. त्याचं काम पडतं ते काहीतरी बिघडतं तेव्हा, आणि तोवर बसवणाऱ्याचे पैसे वसूल झालेले असतात.

जूनमध्ये पाऊस लागला आणि सकाळी इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा डबा, चालू होईना. स्क्रीनवर लाल दिवा आणि ‘आयसोलेशन फॉल्ट’. दहा-साडेदहाला ऊन आलं की आपोआप सुरू. विक्रेत्याला फोन केला, त्याने एक पोरगा पाठवला. “काका, पावसाळ्यात असं होतंच,” म्हणत त्याने इन्व्हर्टरच्या खालची हिरवी वायर सोडवली, टोकाला टेप गुंडाळली. एरर गेला. पोरगा चहा पिऊन गेला.

हिरवी वायर म्हणजे अर्थिंगची. रोज सकाळी वीज सोडण्याआधी इन्व्हर्टर बघतो की पॅनेलकडची वायर कुठे जमिनीला, लोखंडाला लागत तर नाही ना. लागत असेल तर तो अडून बसतो. पोराने बिघाड तसाच ठेवला आणि तो सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं. सहा पॅनेल ओळीने जोडले की ३०० व्होल्टच्या आसपास डीसी होतो, आणि आमच्याकडे दर रविवारी पाइप लावून पॅनेल धुतले जातात.

मग ओळखीतून एक परवानाधारक विद्युत कॉन्ट्रॅक्टर आणले. आधी ते वर गेले. तिसऱ्या पॅनेलच्या क्लॅम्पखाली केबल चेमटली होती, आवरण फाटून आतली तार फ्रेमला टेकलेली. मग कंपाउंडपाशी आले. तिथे अर्थिंगच्या खड्ड्यांची तीन गोल झाकणं, वर रंगाने डीसी, एसी, एलए लिहिलेलं. एलए म्हणजे लायटनिंग अरेस्टर, आकाशातून पडणाऱ्या विजेसाठीचा. पहिलं झाकण काढून त्यांनी आतला रॉड धरला आणि हलवला, तर तो मुळ्यासारखा उपटून हातात आला. बिलात तीन मीटरचे तीन रॉड लावलेत. हा हातभर तुकडा. वर नट-बोल्ट चकचकीत, खाली करवतीने कापल्याच्या खुणा. दुसऱ्या खड्ड्यात तसलाच तुकडा. तिसऱ्यात रॉडच नाही, पट्टी वाकवून मुरमात खुपसलेली. जमिनीचा विरोध मोजणारा अर्थ टेस्टर लावला तेव्हा पहिल्याचं रीडिंग १६० ओहम, दुसऱ्याचंही शंभरावर, तिसऱ्याचं मीटरच्या आवाक्याबाहेर. सोलरच्या अर्थिंगला साधारण ५ ओहमच्या आत धरतात.

रिपोर्टमध्ये काय होतं? तिन्ही खड्डे ०.८ ओहम. तीन वेगळे खड्डे आणि दशांशापर्यंत एकच आकडा. कॉन्ट्रॅक्टर हसले, “मे महिन्यात सासवडच्या कोरड्या मुरमात ०.८? ती जागा मला दाखवा, मी तिथे ऑफिस काढतो.” तपासणीची तारीख ९ मे, पॅनेलचं डिलिव्हरी चलन १४ मेचं. मीटरचा अनुक्रमांक आणि कॅलिब्रेशनची तारीख, दोन्ही रकाने कोरे. खाली सही-शिक्का दुसऱ्याच जिल्ह्यातल्या कॉन्ट्रॅक्टरचा. त्यांना फोन लावला तर त्यांनी सासवडला पाऊलही टाकलेलं नाही. एका जुन्या कामाच्या कागदावरून त्यांची सही उचलली होती. ते आमच्याहून जास्त भडकले.

घरातल्या वायरिंगच्या रिपोर्टलाही हेच लागू आहे, नवीन कनेक्शन असो की लोड वाढवणं असो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा नियम आहेत, त्यात काम परवानाधारकानेच करायचं असतं. सही करणारा माणूस प्रत्यक्ष घरी आला पाहिजे. परवाना क्रमांकाची चौकशी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात करता येते. नेहमीच्या अर्थ टेस्टरने मोजायचं तर खड्ड्यापासून लांब जमिनीत दोन खुंट्या ठोकून वायरी ओढाव्या लागतात, त्यामुळे अंगणात ती कसरत दिसली नाही तर आकडा कुठून आला ते विचाराच. रॉड खाली जाताना समोर उभं राहा, फोटो काढा. शेवटचा हप्ता रीडिंग डोळ्यांनी बघेपर्यंत सोडू नका. विक्रेते म्हणतात पेमेंट झाल्याशिवाय फाइल पुढे जात नाही. जाते.

अर्थिंग नव्याने केलं, केबल बदलली, हिरवी वायर जागेवर आली. खर्च अर्थातच आमचा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही. तोवर फोन न उचलणाऱ्या विक्रेत्याचा नोटीस पोचल्यावर व्हॉट्सॲपवर मेसेज आला: “काका, गैरसमज झालाय. नवीन तारखेचं सर्टिफिकेट आजच पाठवतो, तक्रार मागे घ्या.”