भिंत एक, चित्रं दोन: शनी की धूमकेतू?

शाळेच्या भिंतीवर एकच मोठं चित्र लावायचंय आणि कॅसिनी यानानं टिपलेला शनी घ्यावा की रोझेटा यानानं टिपलेला धूमकेतू, इथं गाडी अडली असेल, तर बीडकडच्या आमच्या शाळेचं सांगते. आम्ही दोन्ही लावून पाहिलीत.

शनीचं चित्र १९ जुलै २०१३ चं. सूर्य बरोबर शनीच्या मागं गेलेला, त्यामुळं कडी आतून दिवा लावल्यासारखी उजळलीत. १४१ फोटो जोडून ते केलंय, रंगही नैसर्गिक. पण चित्राचा जीव उजवीकडं, कड्यांच्या जरा खाली आहे: एक फिकट निळा ठिपका. ती आपली पृथ्वी, सुमारे १४४ कोटी किलोमीटरवरून. आम्ही हौसेनं फ्लेक्स करून आणला. काळा रंग राखाडी उतरला आणि ठिपका गायब! "मॅडम, आपण कुठंय ह्याच्यात?" चौथीतली पोर विचारत होती आणि मला बोट ठेवायला जागाच नव्हती. शनी घ्यायचा तर फोटो पेपरवर छापा आणि पोरांच्या नजरेच्या उंचीला लावा.

धूमकेतू ६७पी दिसायला ओबडधोबड, दोन ढेकळं चिकटल्यासारखा. रोझेटा यान दहा वर्षांचा प्रवास करून ऑगस्ट २०१४ मध्ये त्याच्याजवळ पोचलं. पोरं आधी शेंडी शोधतात. मग बारीक बघितलं की वायू आणि धुळीच्या फवाऱ्यांवर बोट ठेवतात. लांबी चारेक किलोमीटर, म्हणजे आमच्या शाळेपासून फाट्यापर्यंत. हे त्यांच्या पायांना माहीत असलेलं अंतर आहे. त्यावरचा एक कडा ९०० मीटरचा. सहलीत देवगिरी चढून दमलेल्या पोरांना ते लगेच कळतं. एक मात्र सांगाच: तो खरा कोळशासारखा काळा आहे, फोटोत उजेड वाढवलाय. साध्या झेरॉक्सवरही हे चित्र टिकतं.

न्यू होरायझन्स यानानं २०१५ मध्ये टिपलेला, अंगावर बदामाच्या आकाराचा डाग असलेला प्लूटो गोड आहे, पण गाजलेल्या चित्रातले रंग भडक केलेले. पहिलं चित्र म्हणून नको.

शनी आणि शेंडेनक्षत्र, दोन्हींची गावात धास्ती. आमच्याकडं एक आजी साडेसातीच्या भीतीनं नातवाला घरी न्यायला आल्या होत्या. त्यांना जवळ बसवून कडी बर्फाच्या तुकड्यांची आहेत हे दाखवलं, तर त्याच बराच वेळ बघत बसल्या.

मोठ्या भिंतीला मी धूमकेतूच देईन. रोझेटाच्या नॅव्हकॅम या कॅमेऱ्याचे फोटो श्रेय देऊन वापरता येतात, तेवढी ओळ खाली छापून घ्या.