टेबलटॉप एओआय बरेच महिने वापरून झाली, आता खरं काय ते सांगतो

वाळूजला आमचं छोटं एसएमटी युनिट आहे (सर्किट बोर्डवर मशीननं बारीक पार्ट बसवून सोल्डर करायचं काम), एकच लाईन, शेतीपंपाचे ऑटो स्टार्टर, थोडे गाडीतले बोर्ड आणि बाकी येईल ते जॉबवर्क. मागच्या दिवाळीला टेबलटॉप एओआय घेतली, म्हणजे बोर्डवरचे पार्ट आणि सोल्डर कॅमेऱ्यानं तपासणारं मशीन. जालना-नांदेडकडचे ओळखीचे सारखे विचारायलेत घेऊ का म्हणून, तर सगळं एकदाच लिहून टाकतो. मेक विचारू नका, या गोष्टी सगळ्याच मशीनला लागू आहेत.

पार्ट गायब, डायोड उलटा, आयसीच्या दोन पायात शॉर्ट, चिप एका टोकावर उभी राहिलेली, हे ती बिनचूक धरते. 0402 चा पार्ट म्हणजे 1 मिमी बाय अर्धा मिमी, तो दिवसभर भिंगातून बघायचा म्हणजे सेकंड शिफ्टच्या ताईंचे डोळे जेवणानंतर साथ सोडतात, मशीनचे सोडत नाहीत. एवढ्यासाठी पैसे वसूल.

पण डोकं खाते ती फॉल्स कॉलमध्ये, म्हणजे चांगल्या बोर्डवर दिलेल्या खोट्या अलार्ममध्ये. वरून लाल आणि खालच्या कोनातून निळा लाईट पडतो, सपाट जागा लाल दिसते, सोल्डरचा उतार निळा, त्यावरून ती जॉइंट ओळखते. आता आमच्याकडं स्टार्टरचा बोर्ड 63/37 (टिन-शिशाचं सोल्डर) वर चालतो आणि गाडीचा लेड-फ्री, म्हणजे बिनशिशाच्या एसएसी305 सोल्डरवर, लेड-फ्रीचा जॉइंट मुळातच फिक्कट, दाणेदार, म्हणजे चांगला असून पण मशीन बोंबलते. पीसीबीवाल्यानं बोर्डवरच्या हिरव्या मास्कची (रंगाच्या थराची) शेड बदलली की बोंब, त्याच आयसीच्या दुसऱ्या मेकवर अक्षरं वेगळी छापून आली की परत बोंब. सुरुवातीचे काही आठवडे नुसती लायब्ररी (चांगला पार्ट कसा दिसतो त्याचे नमुने) मशीनला शिकवण्यात गेले, ते धरूनच चला. खरा धोका पुढं आहे, दर बोर्डला वीस खोटे अलार्म आले की ऑपरेटर न बघताच ओके दाबायला लागतो आणि त्यातच खरा शॉर्ट निघून जातो. म्हणून आम्ही बोर्ड किती फेल झाले यापेक्षा खोटे अलार्म किती आले ते रोज फळ्यावर लिहितो, आकडा वाढला की आधी प्रोग्राम सुधारायचा, मग लाईन.

आणि जे दिसत नाही ते तिला दिसत नाही, बास. सिरॅमिक कपॅसिटरवर व्हॅल्यू छापलेली नसते. एकदा फीडरला (मशीनला पार्ट पुरवणाऱ्या भागाला) 100 नॅनोफॅरडच्या जागी 10 नॅनोफॅरडची रील चढली, रंग तोच, साइज तोच, एओआयनं अख्खी बॅच पास केली, फंक्शनल जिगवर (बोर्ड चालवून बघायच्या टेस्ट सेटअपवर) टायमर भलताच धावायला लागला तेव्हा कळलं. तेव्हापासून रील बदलली की पहिला पार्ट एलसीआर मीटरवर (व्हॅल्यू मोजणारा मीटर), मगच लाईन चालू. क्यूएफएनच्या पोटाखालचा पॅड, बीजीएचे बॉल (या आयसींचे जॉइंट खाली झाकलेले असतात), तिथं एक्स-रेच लागतो, आम्ही सॅम्पल बाहेरून करून आणतो, स्वतःचं मशीन आमच्या कामाला परवडत नाही.

रिलेचा कच्चा जॉइंट तर अजून वेगळा. एओआयला बरा दिसतो, जिगवर थंड असताना पास होतो, आणि शेतात रात्री तीन फेज लाईट आली, रिले तापला की उघडतो. मग शेतकरी मोटर चालू करायला अंधारात विहिरीवर जातो आणि शिव्या डीलरमार्फत आपल्यापर्यंत येतात. त्याला उपाय म्हणजे लोडवर तापवून टेस्ट, दुसरा नाही.

आयसीटीचं विचारतात. खिळ्यांच्या (स्प्रिंगच्या टोकदार पिनांच्या) फिक्स्चरवर बोर्ड दाबला की काही सेकंदात बहुतेक रेझिस्टर-कपॅसिटरची व्हॅल्यू तपासून होते, मस्त प्रकार, पण फिक्स्चर त्या एकाच बोर्डचं, डिझाइन बदललं की फिक्स्चर भंगारात, आणि डिझाइनरनं टेस्ट पॉइंट ठेवलेच नसतील तर खिळा टेकवणार कुठं? नो-क्लीन फ्लक्सचा (सोल्डरनंतर न धुता बोर्डवरच राहणाऱ्या रसायनाचा) थर पिनांवर बसला की चांगला बोर्ड पण फेल दाखवतो, पिना साफ करत बसा. वर्षभर तोच बोर्ड हजारोंनी चालणार असेल तरच घ्या. बॅच लहान असेल तर फ्लाइंग प्रोब, त्याला फिक्स्चर लागत नाही, फक्त सुया एकेक पॉइंटला जातात म्हणून हळू. बोर्डचं ओलाव्यापासून वाचवणारं कोटिंग मात्र टेस्टनंतर मारा, आधी मारलं तर सुईला काहीच लागत नाही.

आता परत पैसे आले तर मी एसपीआय घेईन, बोर्डवर सोल्डर पेस्ट छापल्या छापल्या ती मोजणारं मशीन. आमच्याकडचे बरेच शॉर्ट पेस्टमधूनच येतात, त्यात मे महिन्यात बाहेर बेचाळीस डिग्री, एसी दमला की पेस्ट पातळ होऊन पसरते. ओव्हनच्या आधी सापडलं तर बोर्ड पुसून परत छापता येतो, नंतर सापडलं तर सोल्डरिंग गन घेऊन बसा.

डेमोला जाताना स्वतःचा बोर्ड न्या, त्यांचा चकचकीत सॅम्पल बघू नका. त्यात मुद्दाम एक डायोड उलटा, एक पाय उचललेला आणि एक चुकीच्या व्हॅल्यूचा कपॅसिटर लावून न्या. शेवटचा कपॅसिटर आमचं मशीन पकडतं म्हणाला सेल्सवाला, तर चहा पिऊन परत या.