सुरुंगाचे हादरे मोजून देणारी सेवा: यंत्र चोख, अहवाल अर्धवट

धुळे-जळगाव पट्ट्यात खडीच्या खाणी गावांना खेटून आहेत. घराला तडा गेला की खाणमालक आणि गावकरी यांचं जुंपतं, आणि मग हादरे मोजणाऱ्या यंत्राला, म्हणजे सिस्मोग्राफवाल्याला बोलावलं जातं. अशाच एका सेवेला पाचपैकी तीन तारे.

यंत्राबद्दल तक्रार नाही. जमिनीचा हादरा तीन दिशांत टिपणारा जिओफोन, हवेतल्या धक्क्यासाठी मायक्रोफोन, ट्रिगर (ज्या हादऱ्याला नोंद सुरू होते तो) ०.५ मिमी प्रति सेकंदावर. मायक्रोफोन लागतोच, कारण तावदानं आणि डब्यांची झाकणं बरेचदा हवेच्या धक्क्याने वाजतात आणि दोष जमिनीवर जातो.

गडबड बसवण्यात. ओट्याच्या गुळगुळीत फरशीवर जिओफोन नुसता ठेवला की तो स्वतःच उडतो आणि आकडा फुगतो. खाणीकडच्या बाजूला, पायापासून तीन मीटरच्या आत, वरची भुसभुशीत माती काढून तो जमिनीत पुरावा आणि माती घट्ट दाबावी. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात नुसते जिओफोनचे खिळे रोवून भागत नाही. पुरणं शक्यच नसेल तर वर साडेचार-पाच किलो वाळूची सैल भरलेली पिशवी ठेवावी.

अहवालात जमीन हलण्याचा कमाल वेग छापतात, वारंवारता (सेकंदाला किती कंपनं, ती हर्ट्झमध्ये) गाळतात. मग त्या आकड्याचा उपयोग काय? खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात खाणमालकाची नसलेल्या राहत्या घरांसाठी मर्यादा अशी: ८ हर्ट्झच्या खाली ५ मिमी प्रति सेकंद, ८ ते २५ मध्ये १०, त्यावर १५. म्हणजे ७ मिमीचा हादरा ३० हर्ट्झला चालतो, ६ हर्ट्झला नाही. बेसाल्टवर मातीचा जाड थर असेल तिथे, आणि अंतर वाढेल तसा, कमी वारंवारतेचा भाग वाढतो. त्यामुळे लांबचं घर आपोआप सुरक्षित धरू नये.

दुसरी उणीव: एका डिलेला, म्हणजे एकाच क्षणी उडणाऱ्या भोकांत, किती किलो स्फोटक, याची नोंद नाही. एकूण माल गौण. अंतराला या वजनाच्या वर्गमुळाने भागूनच पुढच्या सुरुंगाचा अंदाज बांधता येतो. बर्डन, म्हणजे भोकापासून दगडाच्या मोकळ्या तोंडापर्यंतचं अंतर, जास्त ठेवला तर दगड मोकळा होत नाही आणि ऊर्जा हादरा होऊन जमिनीत जाते. म्हणून ड्रिलिंगचा नकाशाही मागावा.

आधीच्या तड्यांचे पट्टी लावून काढलेले फोटो मात्र नीट आहेत. काळी माती फुगून-आकसूनही भिंती तडकवते, तेव्हा हेच फोटो पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, दोनदा काढून घ्यावेत. विहिरीची पातळी ही मंडळी मोजत नाहीत. सुरुंगाच्या आदल्या दिवशी आणि नंतर शेतकऱ्यानेच टेप सोडून ती लिहून ठेवावी.