खिडकीला स्वस्त ब्लाइंड की चांगलं शटर?

भाड्याच्या घरात राहत असाल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल: ब्लाइंड, म्हणजे सहसा दोरीनं वरखाली होणारा आडव्या पट्ट्यांचा पडदा, घ्या. चार स्क्रू काढले की ते तुमच्याबरोबर निघतं. शटर (दुकानाचं नव्हे, खिडकीला आतून बसणारी पट्ट्यांची झडप) मात्र चौकटीच्या मापानं बनवून तिथेच बसवलेलं असतं. घर सोडताना ते मागेच राहतं.

स्वतःच्या घरात प्रश्न वेगळा. स्वस्त ब्लाइंडची पट्टी बहुधा २५ मिलिमीटरची, पातळ ॲल्युमिनियमची. एकदा वाकली की सुरकुती कायमची, आणि अशा पट्ट्या पुसणं म्हणजे शिक्षाच. बंद केलं तरी दोरीच्या भोकांतून आणि कडांनी उजेड येतोच. शटरच्या पट्ट्या साधारण ६३ ते ८९ मिलिमीटर रुंद आणि जाड असतात. फडकं फिरवलं, झालं. वरच्या पट्ट्या उघड्या आणि खालच्या बंद ठेवायची सोयही काही शटरमध्ये असते, म्हणजे उजेड आत, नजरा बाहेर.

घरात लहान मूल असेल तर लोंबती दोरी गळ्याला फास ठरू शकते. तेव्हा ब्लाइंड घ्यायचंच तर बिनदोरीचं घ्या. इथे काटकसर नको.

शटरच्या अडचणीही आहेत. दारासारखी उघडायला जागा लागते, आणि खिडकी आत उघडणारी असेल तर दोघांची टक्कर. न्हाणीघरात एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) शटर ओल धरून फुगतं, तिथे पीव्हीसीचंच हवं. मी असतो तर दर्शनी खिडकीला शटर लावलं असतं, अडगळीच्या खोलीला ब्लाइंड.