जुनं सिझियम घड्याळ की रुबिडियम? आधी ट्यूब किती उरलीय ते बघा

रत्नागिरी-देवगडकडं बसून १० गिगाहर्ट्झवर हॅम रेडिओ करायचा तर फ्रिक्वेन्सी पक्की लागते, आणि अशात कुणी जुनं सिझियम अणुघड्याळ स्वस्तात देतो म्हटलं की मन चळतंच. पण स्वस्त असतं ते खोकं, ट्यूब नव्हे.

सिझियम ट्यूब, म्हणजे घड्याळाच्या पोटातली निर्वात नळी, ही संपणारी वस्तू आहे. तिच्यातल्या ओव्हनमधनं, म्हणजे सिझियम तापवणाऱ्या छोट्या भट्टीतनं, निघालेला अणूंचा झोत ९,१९,२६,३१,७७० हर्ट्झच्या मायक्रोवेव्हमधनं जातो आणि वापरलेलं सिझियम आतल्या ग्रॅफाइटला चिकटून बसतं, परत ओव्हनमध्ये येत नाही. साठा संपला, ग्रॅफाइट भरलं किंवा झोताचा सिग्नल मोठा करणारा इलेक्ट्रॉन मल्टिप्लायर थकला की खेळ खलास. मल्टिप्लायरचं व्होल्टेज वाढवत काही काळ ढकलता येतं, म्हणून विकणाऱ्याकडं त्या व्होल्टेजचा, बीमच्या सिग्नलचा आणि आयन पंपच्या (ट्यूबमधला व्हॅक्यूम टिकवणारा पंप) करंटचा फोटो मागाच, नुसतं "चालू आहे हो" याला काय अर्थ नाय.

५०७१ए या सिझियम घड्याळाच्या मॉडेलमध्ये दोन प्रकारच्या ट्यूब येतात. हाय-परफॉर्मन्सवाली लाख कोटीत अर्ध्या भागाइतकी अचूक, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त ४३ नॅनोसेकंद चूक. स्टँडर्ड त्याच्या दुप्पट चुकते. पण हाय-परफॉर्मन्सवाली झोत जोरात सोडते, सिझियम भराभर खाते, म्हणून तिची वॉरंटी ५ वर्षं आणि स्टँडर्डची १०. जुन्यात घ्यायचंच तर मी स्टँडर्डच बघेन. नवीन ट्यूब टाकू म्हणाल तर तेवढ्यात बाकी सगळं शॅक, म्हणजे रेडिओची खोली, उभं राहील.

रुबिडियममध्ये असा झोत नसतोच, बंद काचेच्या सेलमध्ये वाफ असते, झिजतो तो मुख्यतः त्या वाफेवर उजेड टाकणारा दिवा. अमर नाही बरं का, आयआरएनएसएस-१ए या भारताच्या दिशादर्शक उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली होती. ड्रिफ्ट, म्हणजे फ्रिक्वेन्सीचं हळूहळू सरकणं, साधारण महिन्याला लाख कोटीत ५० भाग, ऐकायला भयंकर, पण १० गिगाहर्ट्झवर तो होतो अर्धा हर्ट्झ! जीपीएसला बांधलं की तोही प्रश्न मिटला.

शिवाय आपल्याकडं पावसात लाईट कधी जाईल नेम नाही. ५०७१ए ची आतली बॅटरी पाऊण तास टिकते, आणि ट्यूब फार काळ विजेशिवाय पडून राहिली तर व्हॅक्यूम बिघडतो, अधूनमधून आयन पंप चालवावा लागतो. रुबिडियम महिनाभर कपाटात ठेवा, परत लावलं की काही मिनिटांत लॉक, म्हणजे फ्रिक्वेन्सी पक्की.

जीपीएसशिवाय महिनोन् महिने वेळ धरून ठेवायची असेल तरच सिझियम, नाहीतर रुबिडियम घ्या आणि उरलेल्या पैशात चांगला इन्व्हर्टर.